शेजारची बोट : ४७० मिश्र जोडी, हंगाम २०२४-२५च्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार. कुलाबा

पाऊस सरला, बोट शेडबाहेर आली. लॉस एंजेलिसच्या २०२८ ऑलिंपिकपर्यंतच्या तयारीच्या नोंदी आजपासून ठेवायच्या, असं आम्ही दोघांनी ठरवलं. लिहिणार मी, आकडे तपासणार तो, माझा जोडीदार.

नव्या वाचणाऱ्यासाठी थोडी माहिती. ४७० ही दोघांनी चालवायची शिडाची बोट. लांबी ४.७० मीटर, त्यावरूनच नाव. आंद्रे कॉर्नू या फ्रेंच माणसाने १९६३ मध्ये तिची आखणी केली आणि १९७६ पासून ती ऑलिंपिकमध्ये आहे. हल, म्हणजे बोटीचं धड, जेमतेम १२० किलोचा. सुकाणू आणि मेनसेल (मोठं शीड) सांभाळतो तो हेल्म. जिब (पुढचं छोटं शीड) आणि स्पिनेकर (वाऱ्याबरोबर जाताना फुगवायचं शीड) सांभाळून, कमरेच्या हार्नेसने तारेला अडकून, बोटीबाहेर आडवा होऊन तिला सपाट ठेवतो तो क्रू. टोकियोपर्यंत पुरुषांची आणि महिलांची शर्यत वेगळी होती. पॅरिसपासून एकच शर्यत, एक पुरुष आणि एक बाई.

आमच्यात हेल्म तो, तारेवर मी. त्याचं वजन ६१, माझं ६५, आणि उंचीत मी त्याच्याहून चार बोटं वर. तारेवर उंच माणूस असला की तेवढ्याच वजनाचा जोर वाढतो, म्हणून ही वाटणी. पॅरिस ऑलिंपिकच्या शिडांच्या शर्यतींत मार्सेयला ऑगस्टमध्ये रौप्य मिळवलेल्या जपानच्या बोटीतही हेच होतं : सुकाणूवर केइजू ओकादा, तारेवर मिहो योशिओका. सुवर्ण ऑस्ट्रियाच्या लारा व्हाडलाउ आणि लुकास मेअर यांना, तिथे बाई सुकाणूवर. त्या शर्यतीचं चित्रण मी इतक्यांदा पाहिलंय की योशिओकाचा कुठला पाय कधी उचलतो ते मला पाठ आहे.

मार्सेयच्या त्या शर्यतीत १९ बोटी होत्या. प्रत्येक देशाची एकच. भारताची नव्हती. विष्णू सरवनन आणि नेत्रा कुमनन हे आपले दोघे तिथे होते, पण एकट्याने चालवायच्या बोटींत. दोघांच्या बोटीत आपण शेवटचे दिसलो ते टोकियोला, ४९ईआरमध्ये. के. सी. गणपती आणि वरुण ठक्कर, १७ वा क्रमांक.

आज वारा दुपारी दोननंतर आला, तोही नावापुरता. ऑक्टोबरच्या उन्हात हार्नेस घालून बसणं म्हणजे वाफेत बसणं. लवकर परत आलो.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा. मास्टच्या (डोलकाठीच्या) पायाशी झेंडूचा हार, नारळ, आमच्या कोच सरांनी सुकाणूला हळदकुंकू लावलं. आज मोजमाप. मास्टच्या टोकापासून ट्रान्समपर्यंत, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीपर्यंत, टेप धरून रेक (मास्टचा मागचा कल) मोजला. डावी-उजवी तार सारखी ताणली आहे का ते गेजने पाहिलं, स्प्रेडरचा (तारा मास्टपासून लांब धरणाऱ्या आडव्या दांड्यांचा) कोन पाहिला. सगळं वहीत. पुढे कुठलीही गोष्ट बदलली तरी या आकड्यांवर परत येता आलं पाहिजे.

२७ ऑक्टोबर, रविवार

आठवडाभर फक्त टॅक, म्हणजे नाक वाऱ्यातून फिरवून बोट दुसऱ्या बाजूला वळवणं.

तारेवरच्या माणसाचा टॅक लिहून ठेवते, कारण शरीराला कळायच्या आधी तो डोक्यात क्रमाने बसावा लागतो. हेल्म म्हणतो, "रेडी?" मी म्हणते, "हो." पुढच्या हाताने तारेचा दांडा धरायचा आणि सगळं वजन त्या हातावर घ्यायचं. मागच्या हाताने कमरेची कडी हुकातून काढायची. आत पाऊल, लगेच जिबची दोरी मोकळी. बूम (मेनसेलखालचा आडवा दांडा) डोक्यावरून जाते तेव्हा मान गुडघ्यात. दुसऱ्या बाजूचा दांडा हाताला लागला की थांबायचं नाही, पाय गनवेलवर (बोटीच्या काठावर) रोवून त्याच हातावर लटकत थेट बाहेर जायचं. जिब दुसऱ्या हाताने ओढत ओढत. हुक सगळ्यात शेवटी.

शिकाऊ क्रू आधी हुक अडकवून मग बाहेर जातात. तेवढ्या दोन सेकंदांत बोट कलते, कलली की घसरते, आणि पुन्हा वेग यायला बोटीच्या पाच-सहा लांब्या जातात. एका हातावर सगळं अंग तोलून बाहेर जायचं तर खांदे आणि पंजे हवेत. म्हणून सकाळी पुलअप्स आणि दोरावर लटकणं. तळहाताची कातडी फाटते, त्यावर टेप.

सर कोच बोटीवरून मोबाइलवर चित्रण करतात आणि संध्याकाळी सेकंद मोजून दाखवतात. आज वाऱ्याला नाक लागल्यापासून मी पूर्ण बाहेर जाईपर्यंतचा वेळ बरा होता. पण हेल्म माझी वाट पाहून सुकाणू सरळ करतोय, हे चित्रणात स्पष्ट दिसतं. त्याने वाट पाहू नये. बोट वळेल, मी तिथे असेन, हा भरवसा त्याला यायला हवा. तो सांगून येत नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार. त्रिपुरी पौर्णिमा

सुट्टी होती म्हणून पूर्ण दिवस मिळाला, आणि आज मुद्दाम उधाण निवडलं.

मी उरणची. पौर्णिमा-अमावास्येला मुंबईच्या बंदरात भरती बाराच्या सुमारास पूर्ण होते आणि मग सहा तास पाणी उतरतं, हे आमच्याकडे शाळेच्या वेळापत्रकासारखं माहीत असतं. मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला येणारी लाँच मोठ्या ओहोटीला गाळामुळे बंद पडते, त्यामुळे माझं येणं-जाणंही चंद्रावरच. उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं आणि मधल्या तासांत बंदराच्या तोंडाशी दोन-तीन नॉटचा ओढा असतो. आमची बोट वाऱ्यावर पाच नॉटने चढते. म्हणजे पाण्याला दुर्लक्षून चालणारच नाही.

दुपारी तीनला वायव्येचा खारा वारा, दहा-बारा नॉट. ओहोटी नैर्ऋत्येला पळणारी. वाऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं तर पाणी उजवीकडून डावीकडे नेतं. याचा अर्थ असा. स्टारबोर्ड टॅकवर, म्हणजे वारा उजवीकडून घेत नाक पश्चिमेला धरून, मार्कवर (वळसा घालायच्या खुणेवर) जायला निघालं की बोट मार्कच्या खाली घसरते. पोर्ट टॅकवर, वारा डावीकडून, नाक उत्तरेला, तिथे तेच पाणी लीवर्ड (वाऱ्याच्या खालच्या) बाजूने नाकाला लागतं आणि बोटीला वाऱ्याकडे ढकलतं. पुढे जायचा वेग कमी वाटतो, पण चढ फुकट मिळतो. म्हणून आजच्या पाण्यात स्टारबोर्डची ले-लाइन (जिथून आणखी टॅक न करता मार्क गाठता येतो ती रेषा) नेहमीपेक्षा बरीच पुढे आणि पोर्टची अलीकडे.

कोच बोट चालवणारे काका करंजाचे कोळी. ते मार्कपेक्षा जाळ्याच्या बोयाकडे पाहतात. बोयामागे पाण्याची शेपटी किती लांब पडते, त्यावरून ओढ सांगतात. "पोरी, वारा डोल्यांना दिसतं, पानी बोयाला इचार," हे त्यांचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय. सरांनीही मार्कच्या आधी अर्धी भरलेली बाटली पाण्यात टाकून किती वाहते ते बघायची सवय लावलीय. काकांचा अंदाज आणि बाटली फार वेगळं बोलत नाहीत.

१ डिसेंबर, रविवार. अमावास्येचं उधाण

आज मी अस्वस्थ होऊन लिहितेय.

आम्ही नीट सराव करतोय. टॅक सुधारले, स्पिनेकर वर जायला लागणारा वेळ घटला. पण बोट वेगवान झाली का? उत्तर कोणाकडे नाही. जीपीएसचं घड्याळ मनगटावर आहे, पण या बंदरात ते सरळ आकडा देत नाही. बोट पाण्यातून दोन्ही टॅकवर पाच नॉटने चाललेली असते. दोन नॉटच्या ओहोटीत जीपीएस स्टारबोर्डवर साडेसहा दाखवतं आणि पोर्टवर चारसुद्धा नाही, कारण ते जमिनीवरून मोजतं. वारा तर दर मिनिटाला वेगळा. मास्ट एक सेंटीमीटर मागे घेतला आणि वेग वाढला असं वाटलं, तर तो मास्टमुळे, वाऱ्यामुळे की पाण्यामुळे?

याला एकच मोजपट्टी आहे : शेजारी दुसरी ४७०. तोच वारा, तेच पाणी, त्याच लाटा. ती पुढे गेली तर ती वेगवान, आपण मागे. बाकी सगळं अंदाजपंचे.

युरोपात एकेका बंदरात चार-पाच देशांच्या जोड्या हिवाळाभर एकत्र राहतात. आपापल्या बोटींचे आकडे एकमेकांना सांगतात आणि शर्यतीच्या दिवशी एकमेकांना हरवायला उतरतात. लोकांना वाटतं ऑलिंपिकला जायचं तर पैसा हवा, परदेशी कोच हवा, नवी शिडं हवीत. हवंच आहे ते. पण माझ्या मते त्या सगळ्याआधी शेजारची बोट हवी. एकटी जोडी कितीही राबली तरी तिला आपण कुठे आहोत हे कळत नाही.

सरांना हे बोलले. ते म्हणाले, "बघतो."

१९ डिसेंबर, गुरुवार

काल दुपारी चारच्या सुमारास गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली. आत्तापर्यंत १३ जण गेल्याची बातमी आहे, काही जण अजून सापडत नाहीत. ज्या पाण्यात आम्ही रोज असतो, तेच पाणी. काल आम्ही लवकर परतलो होतो. आईचा फोन येत होता आणि माझा मोबाइल कोरड्या पिशवीत होता.

बोट काढली नाही. काका शोधाला गेलेल्या होड्यांबरोबर होते.

सरांनी सांगितलं : लाइफ जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावल्याशिवाय कोणी स्लिपवर (बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर) पाऊल ठेवायचं नाही, आणि कोच बोट सोबत नसताना पाण्यात उतरायचं नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

दुसरी बोट आली.

फौजेतली जोडी. दोघेही पुरुष, म्हणजे आमच्या मिश्र गटात ते आमचे स्पर्धक नाहीत, आणि अनुभवाने आमच्याहून खूप पुढे. त्यांचे हेल्म कमी बोलतात. क्रू साताऱ्याचे, मी त्यांना दादा म्हणते. त्यांच्याकडे ४७० आहे, त्यांना ती वेगाने चालवायची आहे, आणि मोजपट्टी त्यांनाही हवीच होती. सरांनी शब्द टाकला, त्यांच्या वरिष्ठांनी परवानगी दिली.

दिवस मुद्दाम भांगाचा, म्हणजे लहान भरती-ओहोटीचा घेतला. पाणी संथ, ओढ नगण्य. सकाळचा मतलई वारा अकरापर्यंत मरतो, मग तास-दीड तास वाट पाहून वायव्येचा धरला.

लाइन-अपची पद्धत अशी. दोन्ही बोटी एकाच टॅकवर, मधे तीन लांब्यांचं अंतर, लीवर्ड बोटीचं नाक किंचित पुढे, म्हणजे कोणीच दुसऱ्याच्या शिडाने बिघडवलेल्या वाऱ्यात नाही. सर शिट्टी वाजवतात, तिथून चार-पाच मिनिटं सरळ. मागून कोच बोट, चित्रण चालू. मग थांबायचं, बाजू बदलायच्या, पुन्हा. पुढे गेलेली बोट काहीही बदलत नाही. मागे पडलेली एकच गोष्ट बदलते. दोन बदलल्या तर कशाने काय झालं ते कळत नाही, आणि सरांचा पारा चढतो.

निकाल : प्रत्येक वेळी ते पुढे. बाजू कुठलीही असो. मिनिटाला साधारण एक लांबी.

मला आनंद झाला. आज पहिल्यांदा आमच्या संथपणाला आकडा मिळाला. हेल्म मात्र गप्प होता. त्याला जरा वेळ लागेल.

१९ जानेवारी, रविवार

दोन्ही बोटींचे आकडे समोरासमोर ठेवले. रेक जवळपास सारखा, तारांचा ताण सारखा, शिडं एकाच वयाची. तरी मिनिटाला एक लांबी.

म्हणून आज माणसं बदलली. मी त्यांच्या हेल्मबरोबर, दादा आमच्या हेल्मबरोबर. आणि कोडं उलगडायला लागलं, कारण दादा आमच्या बोटीत गेले आणि आमची बोट पुढे निघाली.

संध्याकाळी चित्रण हळू करून पाहिलं. झुळूक आली की आमची बोट क्षणभर कलते, मग हेल्म मेनशीट (मेनसेलची दोरी) सोडतो, मग ती सपाट होते. दादा असताना ती कलतच नाही. झुळूक लागायच्या आतच शीट मोकळी झालेली असते. कारण दादा बोलत असतात. तारेवरचा माणूस उंच आणि बाहेर असतो, त्याला पुढचं पाणी दिसतं. हेल्मची नजर जिबच्या टेलटेलवर (शिडावरच्या वारा दाखवणाऱ्या धाग्यांवर) असते, त्याने ती तिथून काढू नये. दादा सतत सांगतात : "पफ, तीन, दोन, एक, लागला. टिकणार. आता कमी. उजवीकडे काळं पाणी." आवाज चढत नाही, उतरत नाही. वारा जसा आहे तसा तो हेल्मच्या कानात.

मी विचारलं, "दादा, एवढं बोलून दमत नाही?"

"दमतो की. पण मी गप्प बसलो, तर साहेब, आमचे हेल्म, डोळं वर करून बघणार. डोळं वर गेलं की बोट गेली."

माझ्या बाजूने सांगायचं तर त्यांच्या हेल्मबरोबर बसल्यावर दुसरी गोष्ट कळली. झुळुकीत ते सुकाणू जवळजवळ हलवतच नाहीत. हललेलं सुकाणू म्हणजे पाण्यात ब्रेक. बोट वळवायचं काम ते मेनसेलकडून आणि अंगाच्या तोलाकडून करून घेतात. टिलर (सुकाणूचा दांडा) दोन बोटांत. हे आमच्या हेल्मला मी किती सांगितलं असतं तरी पटलं नसतं. दादांनी आपल्या साहेबांच्या हाताचं वर्णन केलं तेव्हा पटलं.

२ फेब्रुवारी, रविवार

दोन आठवडे बोलण्याचा सराव. घरी येईपर्यंत घसा बसतो. लाँचमध्येही खिडकीबाहेर पाहून मनात मोजते : काळपट पट्टा, पाच, चार, तीन. बरोबर येतं तेव्हा फार बरं वाटतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

वायव्येचा चौदा-पंधरा नॉट, लाटा आखूड आणि उभ्या. ससून डॉकला परतणारे ट्रॉलर आणि मांडव्याच्या बोटी यांच्या लाटा त्यात मिसळतात. अशा पाण्यात अजून आम्ही मागे, पण आता अर्धी लांबी.

आज एकेक करून तीन गोष्टी तपासल्या. मास्ट दोन सेंटीमीटर मागे : थोडा फरक. सेंटरबोर्ड (बोटीखालची खालीवर होणारी फळी) किंचित वर : बोट पायाखाली एकदम हलकी झाली, हेल्मने ओरडून सांगितलं. जिबचा वरचा भाग थोडा उघडा : फरक दिसला नाही, परत पहिल्या जागी. पहिल्या दोन गोष्टी वहीत "जोराचा वारा" या पानावर गेल्या.

वाऱ्याबरोबर खाली येताना मात्र आज आम्ही त्यांच्या बरोबरीने होतो. आमच्या ४७० च्या क्लासमध्ये वारा ८ नॉटच्या वर असला आणि समितीने ओ झेंडा लावला की पंपिंगला, म्हणजे शीड पुन्हापुन्हा खेचून वेग घेण्याला, मोकळीक असते. मग मी स्पिनेकरची दोरी आणि तो मेनसेल, एका तालात खेचत लाटेवर बोट चढवायची. जात्यावर दोघी बसल्या की खुंट्यावर दोघींचे हात असतात आणि ओढ नक्की कोणाची ते सांगता येत नाही, तसं आज पाच-सात लाटांपुरतं झालं. वारा ८ च्या खाली असता तर हेच करताना पंचांनी शिट्टी वाजवून पिवळा झेंडा दाखवला असता आणि दोन गिरक्या घ्याव्या लागल्या असत्या. त्यामुळे कमी वाऱ्यात हात गप्प ठेवण्याचाही सराव वेगळा करायचाय.

चहा पिताना सरांनी जुनी गोष्ट काढली. १९८२ च्या आशियाई स्पर्धेतल्या शिडांच्या शर्यती इथेच, मुंबईत झाल्या. फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल या दोघांच्या बोटीत सुवर्ण मिळवलं. तारापोर पुढे १९८४, १९८८ आणि १९९२ अशा तीन ऑलिंपिकला गेले, तिन्ही वेळा ४७० मध्ये, तिन्ही वेळा वेगळा जोडीदार : ध्रुव भंडारी, केली राव, सायरस कामा. पहिली वेळ लॉस एंजेलिसचीच, शर्यती लाँग बीचला. मला हे आत्तापर्यंत तपशिलात माहीत नव्हतं. शाळेत कोणी सांगितलं नाही, पाठ्यपुस्तकात नाही. आमच्या शेडमध्ये तरी हे लिहून लावायचं, असं ठरवलं.

माझ्या कपाटाच्या दारावर आधीपासून एक फोटो आहे, जकार्ता २०१८ चा. वर्षा गौतम आणि श्वेता शेरवेगर, ४९ईआर एफएक्स, रौप्य.

१६ मार्च, रविवार

परवा धुळवड झाली. मार्चचं उधाण वर्षातल्या मोठ्यांपैकी. सायंकाळी परतताना स्लिपच्या टोकाला पाणीच नाही, नुसता गाळ. मांडीभर चिखलातून बोट उचलून आणायची तर हल खरवडतो, म्हणून पाणी चढेपर्यंत बोट धरून उभे राहिलो. सेंटरबोर्डला प्लास्टिकच्या पिशव्या रोजच अडकतात. आज जाळ्याचा तुकडा रडरमध्ये (सुकाणूच्या पात्यात) गुंतला आणि दादांनी पाण्यात उतरून सोडवला.

वजन ६६. आई रोज दोन अंडी आणि सुक्या बोंबलांची चटणी जास्त वाढते. दोन किलो अजून हवेत, स्नायूंचे.

६ एप्रिल, रविवार

स्पेनमधल्या पाल्माची रेगाटा (शर्यतींची मालिका) काल संपली. आठवडाभर रात्री निकाल पाहत होतो. तिथे ४७० चा ताफा एवढा मोठा असतो की त्याचे गट पाडावे लागतात. आमच्याकडे दोन बोटी जमवायला अर्धा हंगाम गेला.

आज पैशांचा विषय. परदेशात बोट भाड्याने घ्यायची, दोघांचं विमान, राहणं, सरांचा खर्च. बोट कंटेनरने न्यायची तर महिने आधी पाठवावी लागते आणि तेवढा काळ इथला सराव बंद. आम्ही असं ठरवलं : यंदा युरोप नाही. हे पैसे इथली दुसरी बोट पाण्यात ठेवण्यावर घालायचे. त्यांच्या जुन्या जिबच्या जागी नवी जिब, कोच बोटीचं डिझेल, दोन्ही बोटींना सारख्या नव्या दोऱ्या. काही जणांना हे उलटं वाटेल. पण मागून शेवटच्या पाचांत येऊन परत यायला पाल्मा फार महाग आहे, आणि शेवटच्या पाचांत असताना पुढच्या बोटी इतक्या लवकर लांब जातात की त्यांच्याकडून शिकायला काही हाताशी उरत नाही.

गणपती आणि वरुण यांनी टोकियोचं तिकीट एप्रिल २०२१ मध्ये ओमानच्या मुसन्नाला आशियाई पात्रता स्पर्धेत मिळवलं होतं. आपली वाटही तिथूनच जाते, आशियातून. जपान, चीन, कोरिया यांच्या ४७० फार चांगल्या. त्या स्पर्धेत उतरेपर्यंत आपला वेग आपल्याला माहीत असला पाहिजे.

२० एप्रिल, रविवार

भांगाचा दिवस, आणि वारा अठरा नॉट.

हंगामातला सर्वांत चांगला दिवस. सनक रॉकच्या दिव्याच्या बाहेर गेलो, तिथे बंदरातल्या आखूड लाटा संपून लांब लाट लागते. पहिल्या लाइन-अपला ते लीवर्डला, आम्ही विंडवर्डला (वाऱ्याच्या वरच्या बाजूला). पाच मिनिटं दोन्ही नाकं एका रेषेत. बाजू बदलली, तरी एका रेषेत. तिसऱ्यांदा मी बोलत होते आणि मला ऐकू आलं की शेजारच्या बोटीवरून दादाही तेच आकडे मोजतायत, माझ्या अर्ध्या सेकंदाने मागे. वारा माझ्या बाजूने आधी येत होता, म्हणून मला आधी दिसत होता. दोन्ही बोटी त्या झुळुकीत सपाटच्या सपाट निघाल्या.

चौथ्या वेळी आम्ही अर्धी लांबी पुढे गेलो. त्यांनी व्हँग (बूम खाली ओढणारी दोरी) जास्त ओढला, पाचव्या वेळी पुन्हा बरोबरी. म्हणजे आज पहिल्यांदा आमच्यामुळे त्यांना काहीतरी बदलावं लागलं.

किनाऱ्यावर त्यांचे हेल्म माझ्याजवळ आले, म्हणाले, "अब मज़ा आएगा." चार महिन्यांत त्यांनी माझ्याशी बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य.

आमचा हेल्मही आज खूप बोलला. टॅकमध्ये त्याने एकदाही माझी वाट पाहिली नाही, हे त्याच्या आधी माझ्या लक्षात आलं होतं.

८ मे, गुरुवार

काल पहाटेच्या ऑपरेशन सिंदूरपासून देशात जे चाललंय ते सगळ्यांना माहीत आहे. दादा आणि त्यांचे हेल्म आपापल्या युनिटला हजर झाले. बंदरात उतरायचं नाही असा निरोप आम्हालाही आला. दोन्ही बोटी कव्हर घालून शेडमध्ये. त्यांची बोट आम्हीच धुतली, दोऱ्या मोकळ्या केल्या, शिडं गुंडाळून ठेवली.

दादांचा मेसेज आला : "वही नीट ठेव."

१८ मे, रविवार

दोघेही परत आले आहेत. ठीक आहेत. आकाश भरून येतंय, दुपारी विजा, त्यामुळे पाण्यावर जाणं नाही. शेडमध्येच बसून दोन्ही वह्यांतली पानं एकत्र केली. हलका वारा, मध्यम, जोराचा, आणि प्रत्येकात सपाट पाणी व आखूड लाट असे भाग. मध्यम वाऱ्याचं पान गच्च भरलंय. सहा नॉटच्या खालचं पान जवळजवळ कोरं. या बंदरात तसा वारा असतो तेव्हा आम्ही किनाऱ्यावर वाट पाहत बसलेले असतो. लॉस एंजेलिसला पोचायचं तर आशियातल्या हलक्या वाऱ्यांतून जायला लागेल, तेव्हा हे पान भरल्याशिवाय गत्यंतर नाही.

२७ मे, मंगळवार

हवामान खात्याने काल मुंबईत मान्सून आल्याचं जाहीर केलं. नेहमीची तारीख ११ जून. कुलाब्याच्या मे महिन्यातल्या पावसाचा १९१८ चा विक्रमही मोडला. उरलेले दोन आठवडे लाइन-अप करायचा बेत होता, तो गेला. समुद्र आता सप्टेंबरपर्यंत बंद.

पावसाळ्यात हैदराबादला हुसेनसागरावर जायचं. तळ्यातलं पाणी, ओहोटी नाही, वारा हलका आणि इमारतींवरून फिरून येणारा, दर मिनिटाला दिशा बदलणारा. आमच्या कोऱ्या पानाला नेमकं तेच हवंय. जीपीएसही तिथे खरं बोलेल. सरांनी विचारलं की एकच बोट न्यायची का, खर्च निम्मा होईल. आम्ही दोघांनी एकदमच नाही म्हटलं. त्यांच्या वरिष्ठांनीही होकार कळवला आहे.

ट्रेलरवर दोन हल एकावर एक बसतात. मास्ट वेगळे, फोममध्ये गुंडाळून, टोकांना लाल फडकं. सेंटरबोर्ड आणि रडर गाडीच्या आत. हलक्या वाऱ्याची जिब त्यांच्याकडे जास्त चांगली आहे, तिचं माप घेऊन शिडवाल्याकडे आमची टाकायची आहे, शुक्रवारपर्यंत. स्प्रेडरची नवी पिन मी आणणार, दादा दोऱ्या, हेल्म कागदपत्रं. जिबचं माप उद्या सकाळी नऊला, शेडमध्ये, पाऊस असला तरी.